वजनाचा काटा थांबतो तेव्हा

बंगळूर शहराचा जुना गाभा म्हणजे तेथील पेठ. केंपेगौडाने १५३७ साली मातीचा कोट घालून ती वसविली. त्या वसाहतीचे दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदून जात. उत्तर-दक्षिण जाणारा तो दोड्डपेटे, म्हणजे थोरली पेठ. पूर्व-पश्चिम जाणारा तो चिक्कपेटे, म्हणजे धाकटी पेठ. थोरल्या पेठेला आता अॅव्हेन्यू रोड म्हणतात. धाकटीने मात्र आपले नाव राखले आहे. ती आजची चिकपेट होय. भोवतालच्या पेठांची नावे मालावरून व व्यवसायांवरून पडलेली आहेत : अक्किपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची, गाणिगरपेट तेल्यांची. १६३८ साली विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. मराठी बोलणारी नामदेव शिंपी आणि भावसार समाजाची कुटुंबेही या जुन्या पेठांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

चिकपेटेचा मुख्य व्यापार कापडाचा आणि रेशमी साड्यांचा. येथील दुकानदाराचा दिवस गादीवर बसूनच जातो. माल दाखविण्याचे आणि उचलून ठेवण्याचे काम नोकर करतात. गिऱ्हाईक आले की कॉफी मागविली जाते, आणि एका कपाची दोघांत वाटणी करण्याची बंगळूरची ‘बाय-टू’ची रीत असली, तरी दिवसाकाठी अशा वाटण्या पुष्कळ होतात. सणावारी मिठाईचे डबे येतात आणि जातात. रात्री दुकान बंद झाल्यावर उशिरा जेवण होते. अशा दिनक्रमात वाढलेले वजन, त्यामागोमाग येणारा मधुमेह, रक्तदाब आणि गुडघ्यांचे दुखणे ही केवळ या पेठेची कहाणी नव्हे. पुण्याची लक्ष्मी रोड किंवा मुंबईची मूळजी जेठा मार्केट येथेही ती तितकीच खरी आहे.

अशाच एका दुकानदाराची उदाहरणादाखल कल्पना करावी. वय ४५, उंची १६५ सेंटिमीटर, वजन १२० किलो. आहार, औषधे, व्यायाम यांचे अनेक प्रयत्न फसल्यावर तो बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन घटविण्यासाठी जठरावर आणि आतड्यांवर केली जाणारी शस्त्रक्रिया, करवून घेतो. पहिल्या महिन्यात वजन झपाट्याने उतरते. नंतर ते संथपणे उतरत राहते. आणि मग एके दिवशी काटा थांबतो. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे जातात, आकडा तोच. घरात कुजबुज सुरू होते. शेजारचा दुकानदार विचारतो, ‘ऑपरेशन फुकट गेले काय?’ स्वतः रुग्णालाही तसेच वाटू लागते.

या थांबण्याला वैद्यकात पठारावस्था म्हणतात. घाट उतरताना मधूनमधून सपाटीचे टप्पे लागतात, त्यांसारखीच ही अवस्था असते. ती का येते, तिचा अर्थ काय आणि तिच्यात काय करावे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. कारण पठारापेक्षा पठाराचा चुकीचा अर्थ लावणे अधिक घातक ठरते. कोणी निराश होऊन तपासणीला जाणेच सोडतो, कोणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या बंद करतो, तर कोणी उपाशी राहून अंगातील मांस गमावून बसतो.

शस्त्रक्रियेने काय साधते

१९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन आणि डॉ. चिकाशी इटो यांनी गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया केली. व्रणाच्या विकारासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकलेल्या रोग्यांचे वजन घटलेले राहते, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची एक लहान पिशवी तयार करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाशी जोडतात. अन्न जठराचा उरलेला भाग आणि आतड्याचा आरंभीचा भाग टाळून पुढे जाते. दुसरी आणि हल्ली अधिक प्रचलित शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. हिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात.

या शस्त्रक्रियांमुळे जठर लहान होते आणि माणूस कमी खातो, एवढाच त्यांचा अर्थ पूर्वी लावला जात असे. तो अपुरा होता. १९९९ साली जपानमधील मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी घ्रेलिन या संप्रेरकाचा शोध लावला. हे संप्रेरक मुख्यत्वे जठराच्या वरच्या घुमटाकार भागात तयार होते आणि मेंदूला भुकेची वर्दी देते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग काढला जातो. शिवाय दोन्ही शस्त्रक्रियांनंतर अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ व त्यासारखी तृप्ती देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणजे या शस्त्रक्रियेने पिशवीचे माप तर बदलतेच. शिवाय पोट आणि मेंदू यांच्यातील निरोपही बदलतात. वजन थांबण्याचे मर्म कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

पहिला थांबा : पाण्याचा हिशेब

पहिले पठार पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर दोन-चार आठवड्यांतच येते, आणि तेच रुग्णाला सर्वांत अधिक घाबरविते. दिवसाला घोट-घोट पातळ आहार घेऊनही वजन उतरत नाही, हे त्याला न उलगडणारे कोडे वाटते.

त्याचे उत्तर पाण्यात आहे. आपले शरीर रोजच्या गरजेसाठी थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. हा साठा मोठ्या माणसात सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार एकाएकी घटला की शरीर प्रथम हा साठा वापरते आणि त्यासोबतचे पाणीही लघवीवाटे बाहेर पडते. पहिल्या काही दिवसांत कमी झालेल्या वजनात या पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे शरीर चरबी जाळू लागते, पण त्याच वेळी ग्लायकोजेनचा साठा थोडाबहुत पुन्हा भरला जातो आणि पाणी परत येते. चरबी कमी होत असते, पाणी वाढत असते, आणि काटा या दोहोंची केवळ बेरीज दाखवितो.

एक किलो शरीरचरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. रोज १००० उष्मांकांची तूट पडली, तरी एक किलो चरबी जाण्यास आठवडाभर लागतो. उलट एक किलो पाणी एका दिवसात चढते किंवा उतरते. जेवणातील मीठ, बद्धकोष्ठता, स्त्रियांची मासिक पाळी, नव्याने सुरू केलेला व्यायाम, एखादी अपुरी झोप यांपैकी कोणतेही कारण त्यास पुरते. म्हणून रोज सकाळी काट्यावर उभे राहून दिवसाचा आनंद किंवा दुःख ठरविणे निरर्थक होय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचानंतर, सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहाव्यात. तीन-चार आठवड्यांच्या नोंदींत फरक पडला नाही, तरच त्याला पठार म्हणावे.

दुसरा थांबा : आवक घटली, खर्चही घटला

सहा महिन्यांनंतर, आणि विशेषतः वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास येणारे पठार निराळे असते. ते पाण्याने येत नाही. शरीराचा जमाखर्च जुळत आल्याची ती खूण असते.

वर कल्पिलेल्या दुकानदाराचे वजन १२० वरून ८४ किलोवर आले असे समजू. म्हणजे मूळ वजनाच्या तीस टक्के घट झाली. वजन, उंची आणि वय यांवरून विश्रांतीच्या अवस्थेतील उष्मांकांचा खर्च काढण्याचे प्रचलित सूत्र लावले, तर पूर्वी त्याचे शरीर नुसते बसून दिवसाला सुमारे २००० उष्मांक खर्च करीत होते. आता ते सुमारे १६५० उष्मांक खर्च करते. चालणे-फिरणे धरून एकूण फरक ५०० उष्मांकांच्या घरात जातो. ३६ किलोचे ओझे उतरल्यावर ते पोसण्याचा आणि वाहण्याचा खर्चही उतरणारच. दुसऱ्या बाजूने, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात जेमतेम काही चमचे खाऊ शकणारा हाच माणूस वर्षभरात लहानशी थाळी खाऊ लागलेला असतो. खर्चाची रेषा खाली येते, आवकेची रेषा वर जाते, आणि जेथे त्या भेटतात तेथे वजन स्थिर होते.

यात शरीराच्या काटकसरीचीही भर पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. सैन्यात लढण्यास तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १६०० उष्मांकांचा आहार दिला गेला. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, पण विश्रांतीतील उष्मांकांचा खर्च त्याहून अधिक, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी घटला. त्यांना थंडी वाजे, उत्साह नाहीसा झाला होता, आणि मनात अन्नावाचून दुसरा विचार येत नसे. दुष्काळात तग धरण्यासाठी शरीर कशी दारे-खिडक्या लावून घेते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. वजन घटविणाऱ्या माणसाचे शरीरही हाच जुना धडा थोड्याफार प्रमाणात गिरवीत असते. त्याला हा दुष्काळ जाणूनबुजून आणलेला आहे, हे ठाऊक नसते.

भूक आणि तिची ओढ

खर्चातील घट हे पठाराचे एक कारण झाले. दुसरे, आणि अधिक बलवत्तर, कारण भुकेत आहे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध प्रसिद्ध केला. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि साठा किती शिल्लक आहे याची बातमी मेंदूला देतात. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू भूक वाढवून साठा भरून काढू पाहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या ओढीचे मोजमाप मांडले. घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनिक खर्च सुमारे २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, पण भूक मात्र दिवसाला सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. केवळ आहार कमी करून वजन घटविणाऱ्यांचे वजन बहुधा वर्षाच्या आतच का थांबते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. निर्धार तोच राहतो. ओढ मात्र दर किलोमागे वाढत जाते.

शस्त्रक्रिया येथे उपयोगी पडते. घ्रेलिन घटल्याने आणि तृप्तीची संप्रेरके वाढल्याने भुकेची ही ओढ पुष्कळ सैल होते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचे मुख्य पठार उशिरा येते आणि बऱ्याच खालच्या पातळीवर येते. पण ओढ सैल झाली तरी तुटत नाही. कोणत्याही उपायाने वजन अखंड उतरत राहत नाही; तसे झाले तर ते आरोग्य नव्हे, रोग ठरेल. पठार येणार हे ठरलेलेच आहे. ते कोठे येते आणि त्यानंतर काय होते, एवढाच खरा प्रश्न आहे.

दीर्घ अनुभव काय सांगतो

या प्रश्नावर सर्वांत मोठा प्रकाश स्वीडनमधील अभ्यासाने टाकला. लार्स स्योस्त्रोम यांच्या नेतृत्वाखाली १९८७ साली सुरू झालेल्या या पाहणीत ४०४७ स्थूल व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी सुमारे निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि उरलेल्यांवर नेहमीचे उपचार झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरीने ३२ टक्के घटले. त्यानंतर त्यातील काही परत आले आणि दहा वर्षांच्या अखेरीस घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात या काळात दोन टक्क्यांपलीकडे चढउतार झाला नाही. शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या मानाने सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले.

या आकड्यांवरून दोन बोध घेता येतात. पहिला असा की, सर्वांत खालचे वजन साधारणपणे पहिल्या दोन वर्षांतच गाठले जाते आणि त्यानंतर थोडे वर चढणे हा बहुतेकांचा अनुभव आहे; त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दुसरा बोध असा की, ज्यांचे आयुष्य वाढले ते सडपातळ झाले होते असे नव्हे. १२० किलोंचा माणूस ८४ किलोंवर थांबला, तर वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा त्याचा शरीरभार निर्देशांक ४४ वरून सुमारे ३१ वर आलेला असतो. भारतीयांसाठी २५ हा आकडा स्थूलतेची सीमा मानला जातो, त्या हिशेबाने तो अजूनही स्थूलच आहे. तरीही त्याच्या हृदयाला, गुडघ्यांना आणि स्वादुपिंडाला झालेला लाभ खरा आहे. लग्नातील आलेल्या छायाचित्राशी स्वतःची तुलना करून हा लाभ तोट्यात मांडणे, हा चुकीचा हिशेब होय.

तराजू आणि फीत

कापडाच्या पेठेत सोने आणि जर वजनावर विकली जाते, पण साडी आणि सदऱ्याचे कापड लांबीवर. ज्या वस्तूला जे माप, ते लावावे लागते. शरीराच्या बाबतीत मात्र लोक एकच माप धरून बसतात.

हे माप किती अपुरे आहे, ते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांच्याच शरीरांच्या आधारे दाखवून दिले. दोघांचा शरीरभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. काट्यावर दोघे सारखे, आतून निराळे. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा दाखला ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यावरून जगाच्या लक्षात आले.

पठारावर उभ्या असलेल्या माणसाला या दाखल्याचा उपयोग दुहेरी आहे. एक तर, काटा थांबला असतानाही चरबी घटत आणि स्नायू भरून येत असू शकतात. अशा वेळी कमरेभोवती शिंप्याची फीत धरावी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून, महिन्यातून एकदा घेतलेले माप पुष्कळदा काट्याने न सांगितलेली वार्ता सांगते. त्याबरोबर उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्तचाचणी, रक्तदाब, सुटलेली किंवा कमी झालेली औषधे, जिना चढताना लागणारी धाप आणि रात्रीचे घोरणे यांचीही नोंद ठेवावी. दुसरी बाजू अशी की, उपाशी राहून काटा खाली आणला आणि त्यात स्नायू गेले, तर आकडा सुधारतो पण माणूस कमजोर होतो. मुळातच स्नायूंची शिल्लक कमी असलेल्या भारतीय शरीराला हा सौदा परवडणारा नाही.

पठारावर काय करावे

प्रथम आठवडाभर खाल्लेले आणि प्यालेले सर्व काही प्रामाणिकपणे लिहून काढावे. येथे बहुधा दोन गोष्टी उघडकीस येतात. एक म्हणजे घोटाघोटाने जाणारे उष्मांक. लहान झालेले जठर भाकरीचा तुकडा अडविते, पण साखर घातलेली कॉफी, बदामदूध किंवा फळांचा रस अडवीत नाही. दुसरी म्हणजे मऊ आणि विरघळणारे पदार्थ. म्हैसूरपाक, चिरोटी, आइस्क्रीम यांना नव्या पोटात फारशी जागा लागत नाही. साजूक तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात. तुपात भिजलेले दोन घास एका पोळीची बरोबरी सहज करतात. गिऱ्हाइकासोबतची कॉफी सोडणे दुकानदाराला शक्य होणार नाही, पण ती बिनसाखरेची करणे शक्य आहे, आणि दिवसाच्या पाच कपांत मिळून तेवढाच फरक पठार सोडविण्यास पुरेसा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम, आणि वैद्यांच्या सल्ल्याने त्याहून अधिक, प्रथिने पोटात जावीत असा दंडक आहे. शाकाहारी घरात हे सोपे नाही. शिजलेल्या वरणाच्या एका वाटीत सुमारे ५ ते ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. आधी भात आणि मग वरण या नेहमीच्या क्रमाने लहान जठर भातानेच भरून जाते. म्हणून जेवणाचा क्रम बदलावा : प्रथम पनीर, उसळ, दही, सोयाबीन किंवा अंडे, मग भाजी, आणि जागा उरल्यास भात किंवा नाचणीचा मुद्दा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे.

तिसरी गोष्ट हालचालीची. चालण्याने उष्मांक खर्च होतात, आणि वजन उचलण्यासारख्या व्यायामाने स्नायू टिकतात. दोन्हींची गरज आहे. २०१७ पासून बंगळूरच्या मेट्रोचे एक स्थानक चिकपेटेतच आहे. मॅजेस्टिक किंवा कृष्णराजेंद्र मार्केट या अलीकडच्या-पलीकडच्या स्थानकांवर उतरून गल्ल्यांतून चालत दुकानात येणे, हा वेगळा वेळ न मागणारा व्यायाम होय. शस्त्रक्रियेच्या जखमा भरून आल्यावर आणि वैद्यांनी अनुमती दिल्यावर, दिवसातून काही वेळा गादीवरून उठून कापडाचे तागे स्वतः काढून दाखविणे यालाही मोल आहे.

चौथी गोष्ट वैद्यकीय तपासणीची. थायरॉइडचे कार्य मंदावणे, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मनोविकारांवरची काही औषधे ही वजन अडवून धरणारी कारणे असू शकतात. त्यांचा शोध वैद्यांनीच घ्यावयाचा असतो, आणि औषधांत बदलही त्यांनीच करावयाचा असतो.

काय करू नये

पठार मोडण्यासाठी लंघन करू नये. आधीच अल्प असलेल्या आहारात आणखी कपात केली, तर स्नायू झिजतात आणि शरीराची काटकसर अधिकच बळावते. एकादशी किंवा पर्युषणासारखे उपवास करावयाचे असतील, तर ते आहारतज्ज्ञाला विचारून करावेत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या कधीही बंद करू नयेत. शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचे शोषण कमी होते, आणि या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. शाकाहारी माणसात बी-१२ ची शिल्लक मुळातच तुटपुंजी असते. तिचा अभाव वर्षावर्षाने हळूहळू होतो आणि हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा अशा रूपांनी प्रकट होतो. वजन थांबल्याने वैतागलेला माणूस तपासणी आणि गोळ्या एकदमच सोडतो, तेव्हा त्याचे नुकसान काट्यावर दिसत नाही. ते मज्जातंतूंत होत असते. सतत उलट्या होत असतील, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे, कारण थायामिन या जीवनसत्त्वाचा अभाव थोड्या आठवड्यांत मेंदूला कायमची इजा पोहोचवू शकतो.

मद्याच्या बाबतीतही सावध राहणे आवश्यक आहे. या शस्त्रक्रियांनंतर मद्य रक्तात लवकर आणि अधिक चढते, आणि त्याचे उष्मांक निराळेच.

दुसऱ्याच्या वजनाशी तुलना करू नये. आरंभीचे वजन, वय, लिंग, मधुमेह आणि शस्त्रक्रियेचा प्रकार यांप्रमाणे प्रत्येकाचे पठार निरनिराळ्या ठिकाणी येते. दोन भावांचेही ते एक नसते.

पठार आणि चढण

पठार आणि वजन परत चढणे यांत भेद केला पाहिजे. सर्वांत खालच्या वजनावरून दोन-चार किलो वर येणे स्वाभाविक आहे. पण महिन्यामागून महिने वजन चढतच राहिले, भूक पूर्वीसारखी परत आली, किंवा मधुमेह पुन्हा डोके वर काढू लागला, तर ते पठार नव्हे. अशा वेळी शस्त्रवैद्य दुर्बिणीने जठर तपासून पाहतात. जठराची नळी किंवा जोड सैल झाला आहे काय, याचा निर्णय त्यावरून होतो. उपायही आज अधिक आहेत. जीएलपी-१ या संप्रेरकाचे कार्य करणारे सेमाग्लुटाइड आणि त्याच जातीचे टिर्झेपटाइड ही वजनासाठीची औषधे २०२५ साली भारतीय बाजारात आली. शस्त्रक्रियेनंतर वजन परत चढणाऱ्या काही रुग्णांना तज्ज्ञ ती देतात. दुसरी शस्त्रक्रिया हा अखेरचा मार्ग आहे, आणि नुसत्या पठारासाठी तो कधीच नव्हे.

स्थूलता हा दीर्घकाळ चालणारा विकार आहे, आणि मधुमेहाप्रमाणेच त्याला आयुष्यभराची देखरेख लागते. शस्त्रक्रिया ही त्या उपचाराची सुरुवात असते. शस्त्रवैद्याकडे पहिल्या वर्षी तीन-तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून किमान एकदा जाणे हा त्या उपचाराचाच भाग होय. काटा हलत असो वा नसो. घरच्या माणसांचा वाटाही लहान नाही. ‘अजून किती उतरले?’ या रोजच्या प्रश्नाऐवजी ताटात आधी उसळ वाढणे आणि संध्याकाळी सोबत चालायला निघणे अधिक उपयोगी पडते. १२० किलोंवरून ८४ किलोंवर येऊन थांबलेल्या माणसाने ३६ किलोंचे ओझे खाली ठेवलेले असते. ते पुन्हा उचलावे लागू नये म्हणून शरीर ज्या पातळीवर स्थिरावले, तेथे ते टिकवून धरणे हे पुढील वर्षांचे काम आहे, आणि ते पहिल्या वर्षाच्या कामाहून कमी मोलाचे नाही.